गोमाकाका बघून येतात

खाडीवरचा पूल पडल्याचा मेसेज आला तेव्हा गोमाकाका ओटीवर जेवत होते. त्यांनी मोबाईल वाचला, ताटावर झाकण ठेवलं, हात धुतला आणि स्कूटर काढली. परत आले ते सरळ ताटावर बसले, आणि घास घेण्याआधी आमच्या भिवंडीतल्या नारपोलीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘पूल हाय. वरून गेलो. खालून पन बगला.’

त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. वडिलांची इथे भातशेती होती. आता त्या शेतावर लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कारखाने उभे आहेत आणि काकांना त्यांचं भाडं येतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मंगेश पुण्याला नोकरीला. टीव्हीपुढे बसावं, मोबाईलवर बोट फिरवावं, आलेलं पुढे ढकलावं, असं वय आणि अशी सवड. पण काकांनी स्वतःसाठी भलतंच काम काढलंय. बातम्या आणि जाहिराती खऱ्या आहेत की नाहीत ते ते जाऊन बघून येतात. स्कूटर जाईल तिथपर्यंतच्या सगळ्या.

टूथपेस्टची एक जाहिरात टीव्हीवर सारखी लागायची. दहापैकी नऊ डॉक्टर हीच पेस्ट वापरा म्हणतात, अशी. काका भिवंडीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे एकेक करून गेले. तुम्हाला कोणी विचारायला आलं होतं का, एवढंच त्यांना हवं होतं. कुणालाच कोणी विचारलेलं नव्हतं. एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून एक दात फुकट तपासून दिला, तरी काकांचं समाधान झालं नाही. मला म्हणाले, “नऊ जनांचं जाऊ दे बाय. मला त्यो दहावा पायजे. त्यो काय सांगतोय ते कवा दाखवत न्हाय.”

मग त्या नव्या इमारतींचं प्रकरण. अंबाडीच्या रस्त्याला मोठा फलक लागला होता, हिरवी झाडं, हसणारं कुटुंब आणि ‘भिवंडीपासून फक्त दहा मिनिटे’. काका तिथल्या ऑफिसात गेले. फ्लॅट घ्यायचाय असं त्यांनी सांगितलं नाही, नाही असंही सांगितलं नाही. टाय लावलेल्या विक्रेत्याला स्कूटरच्या मागे बसवलं, घड्याळ त्याच्याच हातात होतं, आणि भिवंडीच्या दिशेने निघाले. दहा मिनिटं झाल्याचं त्या बिचाऱ्यानेच सांगितलं. काकांनी तिथेच गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना गवत आणि एक वीटभट्टी. “आली भिवंडी, उतर,” म्हणाले, आणि त्याला उतरवून घरी आले. मी म्हटलं, काका, त्याचा काय दोष, तो नोकर माणूस. तर म्हणाले, त्याला परत जायला रिक्षा मिळाली, ते पण बघून आलो. म्हणजे पुढच्या वळणावर थांबून राहिले होते.

मी ऑनलाईन मालाच्या गोडाऊनमध्ये ऑफिसात काम करते, त्यामुळे माझीही सुटका नव्हती. मी मोबाईलवर एक कढई पाहिली होती. खाली लाल अक्षरांत ‘शेवटचा एकच शिल्लक’ असं आलं, म्हणून घाईघाईत मागवली आणि ते काकांपुढे बोलून बसले. दुसऱ्या दिवशी काका गोडाऊनच्या फाटकावर हजर. वॉचमन आत सोडेना. शेवटी मी बाहेर आले आणि उघड्या शटरमधून त्यांना आतलं दाखवलं. छपरापर्यंत खोकी लागलेली. काकांनी मान वर करून बराच वेळ ती पाहिली. मग मला शांतपणे विचारलं, “यातला शेवटचा कुठला?”

ती कढई मी अजून वापरते. चांगली आहे. पण प्रत्येक वेळी भाजी परतताना मला थोडं मूर्ख वाटतं.

अशा माणसाचं मोबाईलवरच्या ग्रुपशी पटणं शक्यच नव्हतं. आमचा ग्रुप सुहास चालवतो. तो जागांची दलाली करतो, मनाने वाईट नाही, पण आलेली गोष्ट पुढे पाठवली नाही तर त्याला जेवण जात नाही. आंबलेल्या दह्याने मधुमेह जातो, उद्यापासून नोटा बंद, मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सगळं सुहासच्या हातून आमच्यापर्यंत यायचं आणि त्याच्याखाली काकांचं ‘न्हाय’ यायचं. कधी एखादं ‘हाय’. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या वेळी काका शाळेच्या फाटकावर दोन दिवस बसले आणि दुसऱ्या दिवशी पालकांनी त्यांच्यावरच संशय घेतला. तरी ‘न्हाय’ लिहायचं त्यांनी सोडलं नाही. एके दिवशी वैतागून सुहासने त्यांना ग्रुपमधून काढलं. संध्याकाळी काका त्याच्या ऑफिसच्या दारात उभे. आवाज चढवला नाही. म्हणाले, “ग्रुपमधून काढलंस. गल्लीतून कसा काढशील?” तेव्हापासून ते दुपारी घरोघर फिरून तोंडी ‘न्हाय’ सांगायला लागले. त्यात चहाही व्हायचा, त्यामुळे त्यांना तेच बरं पडलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग ती ऑडिओ क्लिप आली.

दुपारची वेळ. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन रिक्षाने घरी येत होते. क्लिपमध्ये एक बाई रडत होती. निजामपुऱ्यात, मुसलमान वस्तीत, आपल्या माणसांना घरात घुसून मारतायत, कारखाने पेटवलेत, कोणी घराबाहेर पडू नका. सोबत धुराचा एक फोटो. रिक्षावाल्याने पण ती ऐकली आणि मला नाक्यावरच उतरवलं. नाक्यावर शटरं खाली येत होती. आमच्या गल्लीतला लूमचा खडखडाट थांबला होता. तो थांबला की इथे माणसं दारात येऊन उभी राहतात, कारण आम्हाला शांतता माहीतच नाही. पंधरा-वीस तरुण जमले होते, काहींच्या हातात लूमचे लाकडी दांडे होते. मध्ये सुहास होता, मोबाईल वर धरून सगळ्यांना क्लिप ऐकवत.

माझा नवरा विलास लूम दुरुस्त करतो. त्या दिवशी त्याचं काम निजामपुऱ्यातच होतं, आणि तो फोन उचलत नव्हता.

गोमाकाका स्कूटर घेऊन आले तेव्हा तरुणांनी वाट अडवली. काकांनी सुहासला विचारलं, “तू बगलंस?”

सुहास म्हणाला, क्लिप आलीय.

“क्लिप आली. तू गेलास?”

काकांनी मागच्या सीटवर हात मारला आणि म्हणाले, चल, दोघं जाऊन बघून येऊ. सुहासने मान खाली घातली. दुसऱ्या एकाने सांगितलं, काका, तुम्हाला पण मारतील. काका म्हणाले, मारलं तर तुमची क्लिप खरी होईल, तुम्हालाच बरं.

मी पुढे होऊन मागे बसले. धाडस वगैरे काही नाही, मला विलास हवा होता. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, पदर आवर, चाकात जाईल.

वाटेत एरवी स्कूटरला जागा मिळत नाही तो रस्ता मोकळा पडला होता. मी सबंध वाट काकांचा सदरा मुठीत धरून होते. ते नेहमीच्याच वेगाने चालले होते, वळणावर हात बाहेर काढून, समोर कोणी नसतानाही.

निजामपुऱ्याच्या तोंडाशी आम्हाला पुन्हा एक घोळका दिसला. इथेही शटरं खाली, तरुण उभे, हातात तसेच दांडे. घोळक्यातून पांढऱ्या दाढीचे एक वयस्क गृहस्थ पुढे आले. सुताचे व्यापारी, रफीकचाचा, हे नाव मला नंतर कळलं. त्यांनी काकांना फार हळू आवाजात विचारलं, “नारपोली से आ रहे हो? वहाँ तो सब जल गया, ना?”

काकांनी स्कूटर बंद केली. मग आपल्या हिंदीत म्हणाले, “कौन बोला? मेरा लुंगी सुखता है उधर.”

रफीकचाचांनी मोबाईल दाखवला. त्यांच्याकडे रडणारी बाई वेगळी होती, हिंदीत रडत होती. पण खालचा धुराचा फोटो तोच. आमच्याकडे तो निजामपुऱ्याचा होता, त्यांच्याकडे नारपोलीचा. काकांनी माझा मोबाईल मागून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून घोळक्याला दाखवले. एका तरुणाने ओळखलं, हा तर आपल्याच कारखान्यामागचा चिंध्यांचा ढीग. सकाळी बिडीने पेटला होता आणि दोन बादल्यांत विझलाही होता.

विलास एका कारखान्यात सापडला, यंत्राखाली आडवा पडून काम करत. बंद शटरच्या आत लूम चालू होते, त्या आवाजात खिशातला फोन ऐकू आला नव्हता. मी त्याच्यावर इतकी ओरडले की आतले कामगार आपापल्या लूमकडे तोंड फिरवून उभे राहिले.

बाहेर आले तर काका अजून समाधानी नव्हते. ते रफीकचाचांना म्हणत होते, मी सांगितलं म्हणून मानू नका, चला, तुमच्या डोळ्यांनी बघा. घोळक्यातले तरुण नको म्हणाले, अगदी आमच्या नाक्यावर म्हणाले होते तसेच. रफीकचाचांनी टोपी नीट केली आणि काकांच्या मागे बसले. मी आणि विलास मोटारसायकलवर त्यांच्या मागोमाग.

आमच्या नाक्यावरचा घोळका आता वाढला होता. काकांनी स्कूटर त्याच्या मधून नेली, अगदी सावकाश, कोणाच्या पायाला चाक लागणार नाही अशी. एकाने विचारलं, हे कोण. काका म्हणाले, “पाहुने. जलालेली नारपोली बगाया आलेत.” कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले. काकांनी स्कूटर थेट आपल्या दारात उभी केली आणि दोरीवरची निळी लुंगी रफीकचाचांना दाखवली. चाचांनी तिला हात लावून बघितलं आणि म्हणाले, अजून ओली आहे. नंतर दोघे ओटीवर बसून चहा प्यायले, सगळ्यांना दिसेल असे. संध्याकाळपर्यंत शटरं वर गेली आणि लूम सुरू झाले. त्या रात्री मला त्या खडखडाटात छान झोप लागली.

सुहासने काकांना पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. माफी वगैरे मागितली नाही. पुढे एकदा त्याने असंच काहीतरी टाकलं आणि खाली लिहिलं, काका, जरा बघून या ना. काकांनी उत्तर दिलं, ‘तुला गाडी हाय. तू जा.’ सुहास गेला, असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. तो गेला नाही. पण मेसेज काढून टाकला.

गेल्या महिन्यात काकांना ताप आला. औषधं चालू होती, पण अशक्तपणा इतका की भिंतीला धरून चालायचे. रविवारी संध्याकाळी मी पेज घेऊन गेले तर काका पलंगाच्या कडेला बसून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा प्रयत्न करत होते. बटणं लागत नव्हती. मी लावून दिली. त्यांनी केसांना पाणी लावून भांग पाडला. रविवारी मंगेशचा व्हिडिओ कॉल येतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि तो कसा धरायचा ते सांगितलं. टेबलावरच्या गोळ्या दिसता कामा नयेत, पलंगही नको, मागे फक्त देवाची तसबीर यायला हवी.

मंगेश दिसला. स्वच्छ भिंत, चापूनचोपून बसवलेले केस. काय बाबा, बरे आहात ना, त्याने विचारलं. काका खणखणीत आवाजात म्हणाले, एकदम मजेत, आत्ताच अंबाडीपर्यंत चक्कर मारून आलो. तूही मजेत ना? मंगेश म्हणाला, मजेत, कामाचा जोर आहे, जमेल तसा येतो. दोघं बराच वेळ हसून बोलले. कॉल संपला तसे काका उशीवर मागे कलंडले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, विलास बुधवारी सामान आणायला पुण्याला जातोय. बरं वाटलं तर त्याच्याबरोबर जा, मंगेशला भेटून या.

त्यांनी माझ्या हातातला मोबाईल घेऊन उशीखाली सरकवला. मग म्हणाले, “त्याच्या मागची भिंत बगलीस? दर खेपेला तीच. खोली कवा दाखवत न्हाय.”

मी विचारलं, मग त्याला विचारत का नाही?

“त्याने मला इचारलं का, बाबा, फोन कोनी धरलाय?”

मी पेज पुढे केली. काकांनी आधी शर्टाची बटणं सोडली, हळूहळू एकेक बाही काढली आणि शर्ट माझ्या हातात दिला.

“टांगून ठेव, बाय. चुरगलाया नको. रविवारी परत लागंल.”