भालूकाकांच्या झाडांची नावं

भालूकाकांच्या वाडीची भिंत गेल्या पावसाळ्यात पडली, पण फाटकाला कुलूप अजून रोज लागतं. पडलेल्या जागेतून म्हैस खुशाल आत जाते. माणसाने मात्र फाटकाशी उभं राहून हाक मारायची. मग काका पंच्याच्या गाठीतून किल्ली सोडवत येतात, आपल्याला नखशिखांत न्याहाळतात आणि विचारतात, "काम काय?"

मी त्यांच्या शेजारच्या इमारतीत राहतो. सोसायटीचा सेक्रेटरी मी, पापडी गावातल्या आमच्या छोट्या वाचनालयाचा कार्यवाहही मीच. नाही म्हणता न येणं हा माझा जुना आजार. वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं तेव्हा कुणीतरी सुचवलं, एक रविवार गावातल्या बागायती वाड्या तिकीट लावून लोकांना दाखवू. सुचवणारा सुचवून घरी गेला. बाकीचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

पाच वाड्या मिळाल्या, पण लोकांना बघायची होती काकांचीच. मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला मी काही बोलायच्या आतच काका म्हणाले, "या म्हनावं लोकांना. एकदा बघून घेऊ दे सगल्यांना."

"फक्त झाडांना नावांच्या पाट्या लावा," मी म्हणालो. तिथेच चुकलो.

रविवारी सकाळी बघतो तर चिकूवर पाटी 'दामोदर', फणसावर 'आंतोन', लिंबावर 'सुमनवहिनी'.

"काका, झाडांची नावं लिहायची होती!"

"मंग ही कोनाची नावं?"

गावात कुणाची वाडी विकली गेली की बुलडोझर यायच्या आत काका तिथून एक रोप मागून आणायचे. ते आपल्या वाडीत लावायचे आणि मालकाच्या नावाने हाक मारून रोज पाणी घालायचे. हे वीस वर्षं चालू होतं आणि आम्हा शेजाऱ्यांना पत्ता नव्हता.

एक बाई पाट्या वाचून गंभीर झाल्या आणि झाडागणिक हात जोडू लागल्या. काका भडकले. "अवो बाई, जिता हाय तो! मनवेलपाड्याला पोराकडं ऱ्हातो!" चिकू मागणाऱ्याला त्यांनी सुनावलं, "दामोदरनं जल्मात कोनाला चिकू दिला नाय, मी कसा देऊ?" फणसाखाली सेल्फी काढणाऱ्यांना दम भरला, "हलू बोला. आंतोनला गलका खपत नाय."

"दामोदरची वाडी कुठे होती?" मी विचारलं.

काकांनी हनुवटीने आमच्या इमारतीकडे दाखवलं. "तुमच्या गाड्या उभ्या ऱ्हातात ना, थितं." मला लाज वाटली, आणि दमलेल्या माणसाला लाज जरा जास्तच वाटते.

संध्याकाळी घरी येऊन आडवा होतो न होतो तोच बेल वाजली. दारात काका. तीन जिने चढून धापा टाकत होते, हातात तेलाच्या डब्यात सोनचाफ्याचं कलम.

"हिनं लावलेल्या चाफ्याचं हाय," ते म्हणाले. काकी जाऊन चार वर्षं झाली. "पोरानं बिल्डरला शब्द दिलाय. दिवाली झाली का वाडी जानार. तुमच्या सोसायटीत एक खड्डा भेटंल काय?"

गावभरच्या वाड्या सांभाळणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक झाड ठेवायला जागा उरली नव्हती.

आमच्या आवारात इथून तिथून फरशी. एक लादी उचलायची तर मीटिंग, ठराव आणि हरकत घेणारे ठरलेले तिघे. आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हणायला माझ्याकडे रीतसर कारण होतं, आणि ते मला नको होतं.

"उद्या सकाळी लादी काढू," मी म्हणालो. "पण काका, पाणी घालताना हाक काय मारायची?"

सगळ्या गावाची नावं घेणारे काका एकदम लाजले. बायकोचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलंच नव्हतं. त्यांनी जिन्यात कुणी नाही ना ते वाकून पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, "शारदा."