वझलवारकाकांची डच थंडी

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये हिवाळ्याच्या सकाळी कुणी "हेत इस काउत!" असं ओरडलं, की वझलवारकाका बाहेर पडले असं समजावं. डचमध्ये याचा अर्थ, थंडी आहे. गाड्यांवरचा बर्फ खरवडणारी मंडळी मान वर करून "मॉर्निंग, अंकल!" म्हणत. शेजारच्या गुजराती आजींना बरेच दिवस वाटत होतं, की काका कसलंसं स्तोत्र म्हणतात.

काका नागपूरचे. वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, आणि काकू गेल्यावर मुलाकडे, निखिलकडे, राहायला आलेले. मे महिन्यात पंख्याची हवासुद्धा जिथे भाजते, तिथल्या माणसानं थंडीवर बोलावं, आणि तेही डचमध्ये, याचं मला फार नवल वाटायचं. लायब्ररीतून त्यांनी डच शिकवणाऱ्या कॅसेट आणल्या होत्या. बारा धडे होते, त्यातला हवामानाचा तेवढा त्यांनी केला. त्यातही नुसता हिवाळा.

"काका, पुढचे धडे कधी?"

"तांत्रिकदृष्ट्या सांगायचं तर, गरज नाही."

हा त्यांचा लाडका शब्द. चहात साखरसुद्धा तांत्रिकदृष्ट्या कमी पडायची. फक्त चूक त्यांची कधीच नसायची. त्यांचा थर्मामीटर भर उन्हात टांगलेला आहे आणि टीव्हीवर दहा डिग्री कमी सांगतायत, असं मी एकदा म्हणालो. "त्या टीव्हीवाल्यांना काय कळते बाप्पा!" म्हणून त्यांनी विषय मिटवला.

मी पूर्वी प्रोजेक्टसाठी आठ महिने हॉलंडमध्ये, रॉटरडॅमला होतो, तिथे बऱ्यापैकी डच शिकलो होतो. निखिलनं ही बातमी फोडली आणि मी कायमचा अडकलो. काका मला पार्किंगमध्ये गाठायचे.

"हेत फ्रीस्त. बर्फ गोठतो आहे. बरोबर?"

"पाणी गोठतंय, काका."

"तेच ते."

२००५ च्या जानेवारीत एका शनिवारी जोरदार स्नो झाला. रविवारी सकाळी दहाला पाच कमी असताना काका दारात उभे. हातात परदेशी फोन लावायचं कॉलिंग कार्ड.

"आमचा फोन डेड आहे. निखिल मोबाइल घेऊन गेला. मला दहाला हॉलंडला लावायचा आहे."

"हॉलंडला कोण आहे?"

"मंजिरी. माझी मुलगी."

दोन वर्षांच्या शेजारात हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. कार्डावरचे लांबलचक आकडे दाबता दाबता त्यांनी सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी मंजिरीनं डच मुलाशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. वर फोनवर म्हणाले, मला एकच मुलगा आहे. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

"मग फोन कुणाला?"

"व्याह्यांना. व्याह्यांशी संबंध तोडायचे नसतात."

व्याही गाई राखणारे, इंग्रजीच्या वाटेला न गेलेले. दर रविवारी तिकडच्या चार वाजता, म्हणजे आपल्या सकाळी दहाला, मंजिरी मुलीला घेऊन त्यांच्याकडे कॉफीला येते. काका नेमके तेव्हाच फोन करत. मागून मंजिरीचा आवाज यायचा, कपबशा वाजायच्या, नात काहीतरी बडबडायची. ते ऐकत राहायचं तर व्याह्यांशी काहीतरी बोलत राहायला हवं. त्यासाठी तो एक धडा.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात ते लोक बाहेर अंगणात बसतात रे. ऐकू येत नाही काही."

मी स्पीकर लावून दिला. फोन लागला. "हेत इस काउत!" काका गरजले.

"या, या! काउत!" पलीकडून हसरा म्हातारा आवाज आला. मग त्यानं मोठ्ठं काहीतरी सांगायला सुरुवात केली. ते धड्यात नव्हतं. काका घाबरले आणि फोन त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी ऐकून घेतलं.

"काका, ते म्हणतायत, तिकडे मुळीच थंडी नाही. या हिवाळ्यात पडलीच नाही म्हणे. तुम्हाला तेवढंच बोलता येतं, म्हणून ते आपले हो म्हणतात."

काकांचा चेहरा पडला.

"आणि मंजिरी त्यांच्या शेजारी उभी आहे. तिकडे टीव्हीवर आपला स्नो दाखवला. ती विचारतेय, कानावरून घ्यायची ती टोपी बाबा घालतात का."

काकांचं डच तिथेच संपलं. परदेशी फोनवर आपण सगळे ओरडतो तसं ते मराठीत ओरडले, "घालतो म्हणावं! रोज घालतो!"

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. मग बाईचा आवाज आला.

"खोटं. तुम्ही कधीच घालत नाही, बाबा."

काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही माझं सुचलं नाही.

"नाही घालत बेटा," काका म्हणाले. "माझंच चुकलं."