फायनलचं सुतक

निंबानानांचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरलो. डोकं त्यांना आधीपासून होतं, पण त्यावर कायम पांढरी टोपी. दूध आणायला टोपी, गच्चीत पापड राखत बसताना टोपी, गॅसवाल्याशी भांडताना टोपी. गोडादऱ्याच्या आमच्या सोसायटीत इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण टोपीखाली केस आहेत की टक्कल, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सकाळी कळलं. नाना दारात बोडक्याने उभे होते आणि टक्कल होतं.

खान्देशातला जुना माणूस टोपी काढून दारात उभा राहतो, त्याचा अर्थ एकच. मी सांगलीकडचा, बँकेच्या बदलीमुळे सुरतेला आलेला, पण एवढं मलाही समजतं. मी आत जाऊन बायकोला म्हटलं, "नानांकडे काहीतरी झालंय." तिने नाश्त्याची भांडी बाजूला सारली आणि पिठलं टाकलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची. त्याला कडू घास म्हणतात. माहेरून आणलेला तिचा तीन खणांचा स्टीलचा डबा, जो मला कधी ऑफिसलाही मिळाला नाही, तो तिने काढला. मी बँकेत रजा कळवली, पांढरा शर्ट घातला आणि डबा घेऊन नानांच्या घरी सतरंजीवर मांडी घालून बसलो.

मग मी हळूच विचारलं, "कोण गेलं, नाना?"

"फायनल," नाना म्हणाले.

मला वाटलं, धक्क्याने माणूस भरकटला. मी नानींकडे पाहिलं. नानींनी कपाळावर हात मारला आणि त्या आत निघून गेल्या.

तर भानगड अशी होती. नाना सुरतेबाहेरच्या सचिन नावाच्या गावात एका साड्यांच्या कारखान्यात मुकादम. त्यांच्या मालकाला एकाएकी हौस आली आणि त्याने बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ विकत घेतला, 'तापी तुफान'. आता सुरतेत बास्केटबॉल कोण बघतं? टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. मग मालकाने कारखान्यातल्या माणसांना पास वाटले आणि वर फरसाणचा पुडा. बाकीचे पुड्यासाठी गेले आणि पुडा संपल्यावर घरी आले. नाना मात्र राहिले. संघ त्यांना चिकटला तो चिकटलाच.

तो संघ आदल्या दिवशी फायनल हरला होता. हरला तोही कसा, तर शेवटच्या क्षणी एका गुणाने मागे असताना. या खेळात प्रतिस्पर्ध्याने धक्का मारला की फेकायला मोकळे दोन चेंडू मिळतात. समोर कोणी अडवायला नाही, नुसतं रेघेवर उभं राहून जाळीत टाकायचे. हरजोत नावाचा पंजाबकडचा एक उंचच उंच पोरगा रेघेवर उभा राहिला आणि त्याने दोन्ही चुकवले. स्टेडियमभर त्या पोराच्या नावाने शिमगा झाला.

"नाना," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "मी रजा टाकली आहे."

"बरं झालं," नाना उठत म्हणाले. "खरं सुतक त्या पोऱ्याकडे शे. चला, डबा घ्या."

"अहो, पण तिथे कोणी मेलंय का?"

"रीत म्हंजे रीत शे, साहेब."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. यापुढे वाद संपतो. मी पांढऱ्या शर्टात, मांडीवर डबा धरून नानांच्या स्कूटरवर मागे बसलो. खेळाडूंना मालकाने भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. तिथला स्वयंपाकी निघाला यावलचा, म्हणजे खान्देशातलाच. त्याने नानांचं बोडकं डोकं पाहिलं, डब्यातलं पिठलं पाहिलं आणि तो ओरडतच मॅनेजरकडे गेला, की साहेब, हे लोक मयताचं जेवण घेऊन आलेत. मॅनेजर बनियनवर धावत बाहेर आला. "हमारा लड़का ज़िंदा है!" तो किंचाळला. मी जिन्याच्या दिशेने सरकायला लागलो.

नानांनी त्याला बाजूला केलं आणि ते सरळ आत गेले. हरजोत भिंतीकडे तोंड करून पडला होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली. आदल्या दुपारपासून त्याने तोंडात काही घातलं नव्हतं. नाना खाली बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "बेटा, हमारे में ग़म के दिन पड़ोसी खाना लाता है. तू खाएगा नहीं तो मेरे को पाप लगेगा." पोरगा भिंतीकडून वळला. मग उठून बसला आणि खायला लागला. माझ्या वाटची भाकरीही त्याने संपवली. बॅग त्या दिवशी तिथेच राहिली. आणि डबाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी नानांना माफ केलं असतं. पण सुतक वर्षाचं निघालं.

वर्षभर सण नाही. पाडव्याला सोसायटीत सगळ्यांच्या गुढ्या, नानांच्या खिडकीत वाळत घातलेला पंचा. बरं, घरात गोडधोड करायचं नाही, पण रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी आणून दिलं तर खायचं असतं. शेजारी म्हणजे आम्ही. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, मोठी, म्हणून आखाजीला आमच्याकडून पुरणपोळी आणि आमरस गेला. नाना जेवले आणि बायकोला म्हणाले, "ताई, पोळी चांगली शे. तूप जरा हात राखून पडलं." पोळ्याला पुन्हा पोळ्या. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, अख्खी सुरत घारी नावाची तुपातली मिठाई खाते. मी माझ्यासाठी रांगेत उभा राहून घारी आणली आणि त्यातली मोठी नानांच्या ताटात गेली. दिवाळीला तर नानी आमच्याच स्वयंपाकघरात येऊन, आमच्याच तेलात, आमच्यासाठी म्हणून करंज्या तळत बसल्या आणि संध्याकाळी त्या करंज्या आम्ही त्यांना शेजारधर्म म्हणून नेऊन दिल्या. उत्तरायणाला नाना गच्चीत आले, पण पतंग उडवणार नाहीत. नुसती फिरकी धरायची. माझा पतंग कापला गेला की मान हलवून म्हणायचे, "दुःखाचं वर्ष शे."

बायको डब्याचं रोज विचारायची. मी नानांना विचारायचो. नाना म्हणायचे, "कडू घासाचा डबा मागू नये, साहेब. ज्याला दिला त्यानं आणायचा."

मी एकदा वैतागून त्यांच्यासाठी नवी टोपीच विकत आणली. म्हटलं, "नाना, घाला आणि मोकळे व्हा." ते मागे सरले. "आपल्या हातानं घालायची नसते."

"मग मी घालतो."

"तुम्ही शेजारी, म्हंजे भाऊबंद. टोपी सोयऱ्यानं घालायची."

"सोयरा कुठून आणू मी, नाना?"

"तेच तर," नाना म्हणाले आणि तो विषय संपला. टोपी अजून माझ्या कपाटात आहे.

हिवाळ्यात नवा हंगाम सुरू झाला आणि माझ्या रविवारांची माती झाली. नानांना मालकाने दोन पास दिले होते. नानींनी पहिल्याच दिवशी हात जोडले, तेव्हा दुसरा पास माझ्या नशिबी आला. हरजोत संघात होता, पण कसा? मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, या हंगामात पोराची भीती गेली नाही तर त्याला सोडून द्यायचं. आणि प्रशिक्षक करायचा काय, तर सामना रंगात आला, शेवटची मिनिटं उरली, की हरजोतला बाहेर बसवायचा. पुन्हा धक्का लागला, पुन्हा रेघेवर उभं राहावं लागलं तर? नको ती जोखीम. पोरगा गळ्यात टॉवेल घालून बाकावर बसायचा आणि जमिनीकडे बघत राहायचा.

हे झालं की नाना खुर्चीवर चढायचे. "ओ मास्तर! त्या पोऱ्याले उतार! भो, उतार त्याले!" प्रशिक्षक केरळकडचा, त्याला एक अक्षर कळत नसे. तो नानांकडे पाहून हात हलवायचा. त्याला वाटायचं, हा टकला आपला मोठा चाहता आहे. पुढच्या रांगेतले लोक वळून माझ्याकडे बघायचे, कारण नानांना धरून ठेवायला मी त्यांच्या शर्टाचं टोक पकडलेलं असायचं.

"नाना, त्याने नाही घेतला तरी संघ जिंकतोय ना?" मी विचारायचो.

"जिंकून काय करता?" ते म्हणायचे. "पोरगं त्या रेघेवर पुन्हा उभं राहिलं पाहिजे."

आमचा संघ रडतखडत शेवटच्या सामन्यापर्यंत आला. तो जिंकला तर पुढे, हरला तर घरी. त्या संध्याकाळी फार धक्के मारले म्हणून दोन खेळाडू नियमाप्रमाणे बाद झाले, एकाचा पाय मुरगळला आणि प्रशिक्षकाकडे दुसरा इलाजच उरला नाही. हरजोत उतरला. आणि नशिबाचा खेळ बघा, अगदी शेवटी एका गुणाने मागे असताना त्यालाच धक्का बसला. मोकळे दोन चेंडू. तीच रेघ.

मी नानांचा शर्ट धरायला हात पुढे केला, पण ते उभेच राहिले नव्हते. डोळे मिटून, दोन्ही हात टकलावर ठेवून बसले होते. मला सांगायला लाज नाही वाटत, वर्षभर त्या सुतकाला शिव्या दिल्या, पण त्या क्षणी मीही देवाला नवस बोलत होतो.

पहिला गेला. मी नानांच्या मांडीवर थाप मारली. दुसराही गेला. आम्ही एका गुणाने पुढे. मी ओरडत उभा राहिलो आणि तेवढ्यात समोरच्या संघातल्या एकाने अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावला आणि तो जाळीत पडला. भोंगा वाजला. हरलो. हंगाम संपला.

परतताना नानांनी स्कूटर सायकलच्या वेगाने चालवली.

सकाळी उठलो तो डोक्यात एकच विचार घेऊन: आणखी एक वर्ष! पुन्हा पाडवा, पुन्हा आखाजी, पुन्हा घारीची रांग. छे. मी चहाही न घेता शेजारी गेलो. नाना सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते, बोडकेच.

"नाना, स्पष्ट सांगतो," मी उभ्यानेच सुरुवात केली. "यंदा माझ्याने होणार नाही. अहो, एका खेळासाठी माणसाने किती..."

दारावर टकटक झाली. नानींनी दार उघडलं आणि दारात आधी गुडघे, मग छाती आणि मग वाकून आत येणारं डोकं दिसलं. हरजोत. अंगात संघाचा पिवळा शर्ट, डोक्यावर पिवळी टोपी, गळ्यात टॉवेल आणि हातात आमचा तीन खणांचा डबा.

"नानाजी," तो अवघडून म्हणाला, "कल हम हार गए. तो मैं खाना ले आया." तो मांडी घालून खाली बसला. मांडी काही नीट बसली नाही, गुडघे वरच राहिले. डबा उघडला. डाळ आणि जाड जाड पोळ्या. "खुद बनाया है."

नाना डब्याकडे बघत राहिले. हात पुढे केला नाही. मला काही कळेना. वर्षभर शेजाऱ्यांच्या पोळ्यांना तूप कमी पडलं म्हणणारा हा माणूस, एका डब्यापुढे असा का बसला आहे?

नानी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कोण जाणे. "तुम्ही सोसायटीत यायच्या आधीची गोष्ट शे, साहेब. यांचे सोताचे लूम होते, कापड विणायचे माग. सोताचं शेड. धंदा बसला. सगळे लूम भंगारवाल्याले दिले. टेम्पो भरून गल्लीतून गेले, तवा सगळे आपापल्या गॅलरीत उभे होते. एक माणूस खाली उतरला नाही. भाऊबंद नाही, सोयरा नाही. हे टोपी घालून दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला गेले. मी म्हटलं, एकदा रडी घ्या. नाही रडले." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुढचं त्यांच्या घरच्या बोलीत आलं. "मरेलना घर समदा येतस, साहेब. हारेलना घर कोनीच येस नही."

मी ज्या वाक्याचं शेपूट तोंडात धरून उभा होतो, ते गिळलं.

मग मी हरजोतच्या शेजारी बसलो आणि त्याला माझ्या बँकेच्या हिंदीत समजावलं, की आमच्याकडे दुःखाचं वर्ष संपलं की बाहेरून सोयरा येतो. टॉवेल-टोपी घेऊन येतो. टॉवेल खांद्यावर ठेवतो आणि टोपी आपल्या हाताने घालतो. मग ते दुःख फिटतं.

"मैं रिश्तेदार थोड़े ही हूँ," तो म्हणाला.

"डब्बा वापस कौन लाया?" मी विचारलं.

मग त्याने गळ्यातला टॉवेल काढून नानांच्या खांद्यावर ठेवला. डोक्यावरची पिवळी टोपी काढली, तिचा पट्टा मागून आवळून लहान केला आणि दोन्ही हातांनी नानांच्या टकलावर बसवली. पुढचा भाग कपाळावर आला तो त्याने बोटाने वर सारला.

आणि नाना रडले. मोठ्याने, तोंड उघडून, लाज सोडून रडले. मी आयुष्यात कोणा म्हाताऱ्या माणसाला असं रडताना पाहिलं नव्हतं. नानींनी त्यांना थांबवलं नाही. मीही नाही. मी सतरंजीवर त्यांच्या जवळ सरकलो आणि वर्षापूर्वी रजा टाकून, पांढरा शर्ट घालून विचारलं होतं, तेच पुन्हा विचारलं.

"कोण गेलं, नाना?"

"लूम गेले, साहेब," नाना म्हणाले. "माझे लूम गेले."

हरजोतने पोळी मोडली, डाळीत बुडवली आणि पहिला घास त्यांच्या हातावर ठेवला.