सासऱ्यांचं आत्मचरित्र आणि लिफ्टचा दोर

सासऱ्यांनी आत्मचरित्र लिहिलं याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते जनावरांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर जनावरं यायची थांबली, आणि माणसांत त्यांचं मन पहिल्यापासूनच रमत नसे. म्हणून ते लिहायला बसले. फक्त प्रत्येक प्रकरण त्यांनी वेगळ्या वर्ड फाइलमध्ये लिहिलं, आणि पुस्तक पुरं झाल्यावर सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घालून माझ्या हातात ठेवल्या. "जावईबुवा, एवढ्या जोडून द्या. तुमचं कामच आहे ते."

ते खरंच माझं काम आहे. मी लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत कारकून आहे. मेकॅनिक लोक दर महिन्याला प्रत्येक इमारतीचा अहवाल वेगळ्या फाइलीत लिहून एका फोल्डरमध्ये टाकतात. पूर्वी मी ते एकेक उघडून चिकटवत बसायचो. मग मी खटपट करून संगणकावर एक व्यवस्था लावली. ठरलेल्या दिवशी दुपारी ती फोल्डरमधल्या सगळ्या फाइली उचलते, नावातल्या आकड्याच्या क्रमाने जोडते, वर कंपनीचं नाव घालते आणि संचालकांना, ऑफिसातल्या सगळ्यांना नि सगळ्या इमारतींच्या सेक्रेटरींना मेल करून टाकते. मी तोवर चहा पितो.

बायको म्हणाली, तासाभराचं काम आहे, घरी बसून हातानं करून टाका. पण घरच्या घोड्याला सोडून पायी चालणं मला पटेना.

आता मी अगदीच बावळट नाही. (याबद्दल दुमत आहे, पण ते पुढे येईलच.) सासऱ्यांचे बैल संचालकांकडे जाऊ नयेत एवढं मला कळत होतं. म्हणून मी त्या व्यवस्थेची एक नक्कल केली, नकलेतून सगळ्यांना मेल करायची पायरी काढून टाकली, प्रकरणं फोल्डरमध्ये टाकली आणि बटण दाबलं. फाइल तयार होऊन माझ्याकडे आली. पहिल्या पानावर 'प्रस्तावना' होती. मी खूश होऊन ती सासऱ्यांना पाठवली आणि चहाला गेलो.

दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नाहीत. एक, त्या फोल्डरमध्ये मेकॅनिकांचे अहवाल आधीच येऊन पडले होते. दुसरी, नक्कल केली म्हणून मूळ व्यवस्था काही रजेवर गेली नव्हती. ती आपल्या वेळेला उठली, फोल्डरमध्ये जे होतं ते इमानेइतबारे जोडलं आणि गावभर वाटून आली.

चहाहून परत आलो तर लेखापालबाई स्क्रीनकडे बघत डोळे पुसत होत्या. त्यांनी मला विचारलं, की तुमचे सासरे लग्नाआधी लिफ्टचं काम करत होते का. मी फाइल उघडली आणि खुर्चीत बसलो.

आकड्यांच्या क्रमाने जोडल्यामुळे एक प्रकरण, एक अहवाल, एक प्रकरण, एक अहवाल अशी वीण बसली होती. त्यात आमचे मेकॅनिक शेवटचा 'शेरा' कधीच भरत नाहीत. त्यामुळे पुढच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आपोआप शेरा झालं होतं. 'दरवाजा बंद होताना दणका देतो. शेरा : हा तापटपणा आमच्या घराण्यातच आहे.' एक प्रकरण 'आणि त्या संध्याकाळी मी तिला प्रथमच पाहिले' इथे संपत होतं, आणि लगेच खाली : 'क्षमता आठ व्यक्ती. सुरू होताना कुरकुर करते. ग्रीस द्यावे.'

'ती' म्हणजे माझ्या सासूबाई.

संध्याकाळी घरी गेलो तर सासरे आमच्याकडे येऊन छापील कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून सासूबाईंचा फोन येऊन गेल्याचं कळत होतं. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, मधे मधे हे लिफ्टचं काय घातलंय. खरं सांगायचा धीर होईना. मी म्हणालो, आयुष्यातले चढउतार दाखवायची ती एक नवी पद्धत आहे.

सासऱ्यांनी गठ्ठा नीट जुळवून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चढउतार ठीक आहेत. पण ग्रीसचं वाक्य तुमच्या सासूबाईंना तुम्हीच समजावून सांगा."

(ते मी अजून सांगितलेलं नाही. सध्या त्यांचा फोन बायको घेते.)

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी आत बोलावलं. रात्री मी राजीनाम्याचा मसुदा मनात तयार ठेवला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, हे मला जास्त वाईट लक्षण वाटलं.

"हा अहवाल आजपर्यंत कोणी वाचत होतं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मला तरी तशी शंका कधी आली नाही.

"काल सगळ्यांनी वाचला. अगदी शेवटच्या पानापर्यंत."

आणि तिथेच घोळ झाला होता. एका इमारतीच्या सेक्रेटरीबाई सासऱ्यांच्या अडलेल्या म्हशीचं काय होतं या काळजीत पानं उलटत असताना त्यांना मधेच त्यांच्या स्वतःच्या लिफ्टचा अहवाल लागला. 'दोर झिजला आहे, पुढील महिन्यात बदलणे.' त्यांनी जुने मेल काढून पाहिले. प्रत्येक महिन्यात तेच वाक्य होतं. मेकॅनिक बिचारा दर वेळी लिहीत होता, माझी व्यवस्था दर वेळी जोडत होती, आणि आम्ही सगळे चहा पीत होतो. बाईंनी तेव्हाच लिफ्ट बंद करून दाराला खुर्ची आडवी लावली होती.

त्या लिफ्टमधून रोज म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं जात होती.

मॅनेजरबाई म्हणाल्या, की मी केलं ते चांगलं की वाईट, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. ठरेपर्यंत मी नवा दोर आणि मेकॅनिक घेऊन तिकडे जावं आणि माफी मागावी.

काम संपेस्तोवर मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. नवा दोर बसला, लिफ्ट रिकामी वरखाली फिरवून झाली, मेकॅनिकनं मान डोलावली. मग सेक्रेटरीबाई आल्या. उंच, चष्मा लावलेल्या, शिस्तीच्या. मी कंपनीच्या वतीने माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "डॉक्टरांचे जावई ते तुम्हीच का?"

मी हो म्हणालो. मला जरा बरंही वाटलं. पुस्तकात आपणही आहोत हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याबद्दल काय लिहिलंय, असं मी जमेल तितक्या सहजपणे विचारलं.

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"फक्त जोडलं."

"दोनच ओळी आहेत," त्या म्हणाल्या. "'जनावर घेताना मी आधी दात पाहतो, मग चाल पाहतो. जावयाच्या बाबतीत मात्र मुलीने मला काहीच पाहू दिले नाही.'"

मेकॅनिक हत्यारं भरू लागला. बाईंनी लिफ्टचा दरवाजा उघडून धरला आणि मला आधी जायला सांगितलं. मी तोंड घट्ट मिटून, होता होईल तितकं सरळ चालत निघालो, आणि पायपुसण्याला अडखळलो.

"हं," असं त्या मागून म्हणाल्या.