आतून बसलीय

तीन आठवडे झाले, कुलूपवाल्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. स्वतःच्या गाळ्यासाठी साठवलेले पैसे एका बड्या बँकेच्या शेअरमध्ये घालावेत की नाही, हे त्याचं ठरेना. लोकांची कुलपं तो चुटकीसरशी उघडायचा, पण स्वतःच्या डोक्याला काही चावी लागत नव्हती.

"दाजी, एवढी मोठी बँक कुठे पळून जातेय?" मेहुणा रोज म्हणे. "मीही घेतलेत ना शेअर! वर्षभर थांबा, एकाऐवजी दोन गाळे घ्याल."

"आणि बुडाली तर?"

"काहीतरीच काय बोलता!"

बायको दोघांनाही कंटाळली होती. गाळ्याचा मालक आजच्या दिवसापुरताच थांबणार होता. "अकरा वाजता फोन करीन," तिनं बजावलं. "काय ते एका शब्दात सांगायचं. 'बघू' म्हणालात तर याद राखा."

आणि नेमकं दहा वाजता त्याच बँकेच्या शाखेतून बोलावणं आलं. तिजोरीच्या खोलीचं दार उघडत नव्हतं. मॅनेजर घाम पुसत दारापुढे येरझाऱ्या घालत होता. हत्यारं काढता काढता कुलूपवाला विचार करू लागला. ज्यांना स्वतःची तिजोरी उघडता येत नाही, त्यांच्या हाती आपला गाळा सोपवायचा?

अकराला फोन वाजला, तेव्हा त्याचा एक हात कुलपात होता आणि दुसऱ्यात बॅटरी. त्यानं फोन कसाबसा खांद्यात दाबला.

"बोला, बँकेचं काय?" बायकोनं विचारलं.

त्याच क्षणी मॅनेजर म्हणाला, "काय झालंय हो नक्की?"

"बसलीय," कुलूपवाला स्प्रिंग चाचपत मॅनेजरला म्हणाला. "आतून पार बसलीय. बाहेरून कळतसुद्धा नाही."

फोन कट झाला. त्याला वाटलं, रेंज गेली असेल.

बायकोनं भावाला कळवलं. भावानं आपले शेअर विकले आणि ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. तासाभरानं स्प्रिंग बदलून, दार उघडून कुलूपवाला बाहेर आला, तर रांग थेट रस्त्यावर गेलेली.

"बँक बसली!" रांगेतला एकजण म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"आतला माणूस आहे. तिजोरीत डोकं घालून बघितलंय म्हणे त्यानं."

कुलूपवाल्याचे गाळ्याचे पैसे याच बँकेच्या खात्यात होते. तो मुकाट्यानं रांगेत शिरला आणि त्या आतल्या माणसाचे मनोमन आभार मानू लागला.

एवढ्यात मॅनेजर पायरीवर येऊन ओरडला, "अहो, बँक नाही, कुलपाची स्प्रिंग बसली होती! हे काय, मिस्त्री तुमच्यातच उभे आहेत, विचारा त्यांना!"

सगळ्या माना वळल्या. पुढून चौथी मान मेहुण्याची होती. कुलूपवाल्यानं त्याची नजर चुकवली, तर समोरून बायको येताना दिसली.

"अगं, आपले पैसे?" त्यानं पुढे होत विचारलं.

"तुम्ही 'बसली' म्हणालात, त्याच मिनिटाला गाळ्याच्या मालकाला पाठवून टाकले." तिनं त्याच्या हातावर किल्ली ठेवली. "भावही कमी करून दिला त्यानं."

"तो कसा काय?"

"शटर उघडत नाही. स्प्रिंग बसलीय म्हणे."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुलूपवाल्याला कडकडून भूक लागली.