गोल पोहणारी रोशनी

रोशनीला सरळ पोहता येत नव्हतं. वेगात पोहता यायचं, इतक्या वेगात की काठावरची माणसं चहाचा कप तोंडाशी धरून तशीच उभी राहायची. पण ती पूर्वेकडे तोंड करून निघाली की उत्तरेच्या भिंतीला जाऊन लागायची. आमच्या कॉलेजच्या टीमच्या निवडीला ती पहिल्यांदा आली, तेव्हा चार नंबरच्या पट्ट्यातून निघाली आणि मधल्या दोरांखालून बुड्या मारत, तीन आणि दोन ओलांडून एक नंबरमध्ये पोचली. एवढा प्रवास करूनही ती माझ्या आधी पोचली. मी सरळ पोहले होते.

जळणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहूनही माणूस जळू शकतो.

"अशी गोल का पोहतेस तू?" मी विचारलं.

"मंग सरळ कुठी जाऊ ताई? समोर तं दगड लागते न."

विहिरीत शिकलेली मुलगी ती. कळंबकडच्या एका खेड्यातून आमच्या यवतमाळच्या कॉलेजात आलेली, हॉस्टेलवर राहणारी. तिचे बाबा गावोगावच्या विहिरींत पडलेल्या बादल्या, पंपाच्या मोटारी बुडी मारून काढून देतात. पाठीला रिकामा डबा बांधून लहानपणी त्यांनीच तिला पाण्यात सोडलं होतं. विहीर गोल, म्हणून पोहणंही गोल. अंतरसुद्धा ती चकरांत मोजायची. सरांनी शंभर मीटर म्हटलं की डोळे मिटून मनाशी काहीतरी पुटपुटायची आणि सांगायची, "म्हंजे आमच्या इहिरीच्या पाच चकरा अन् थोडसक."

आता टीमबद्दल सांगते. रोशनी येण्याआधी टीम म्हणजे मी. हे मी फुशारकीने सांगत नाही, म्हणजे थोडं फुशारकीनेच सांगते. विद्यापीठाच्या स्पर्धेत शंभर मीटरमध्ये सलग दोन वर्षं मी रौप्यपदक आणलं होतं. बाकी पूजा आणि सानिया होत्या, त्या मनापासून पोहायच्या आणि मनापासून हरायच्या. रिलेला चार मुली लागतात, म्हणून चौथी आम्ही कबड्डीच्या संघातून उसनी घ्यायचो. एका वर्षी त्या उसन्या मुलीला शेवटी शेवटी कळलं की पायाला तळ लागतोय, आणि उरलेलं अंतर ती चालत आली. पुढे विद्यापीठभर आमच्या कॉलेजला 'ते चालणारे' म्हणायला लागले.

आमच्या क्रीडाशिक्षकांना, म्हणजे सरांना, स्वतःला पोहता येत नाही. ते काठापासून चार पावलं लांब उभे राहून शिट्टी फुंकतात. रोशनीला पाहून मात्र ते विसरून पार काठापर्यंत आले. "शील्ड आली बाप्पा! पोहत आली!" असं म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मृणाल, हिले सरळ कर."

घ्या! आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि तोही सरांच्या हुकमाने. माझं शेवटचं वर्ष होतं. या वर्षी मला सुवर्णपदक हवं होतं, दुसरं काहीही नको होतं, आणि ते जिच्यामुळे जाणार तिलाच मी रोज सकाळी पोहायला शिकवत होते.

तळाला काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवून पोहायचं, असं मी तिला सांगितलं. तिने बुडी मारून रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतली आणि वर आली. "हे तं पांदण व्हय. पयलेच सांगाचं न ताई." शेतांमधून बैलगाडी जाते ती पांदण. त्या दिवसापासून ती पांदणीवरून निघायची आणि पांदणीवरूनच पोचायची. तीन आठवड्यांत मी तिला सरळ केली आणि स्वतः आतून वाकडी होत गेले.

तिचं सगळंच असं उफराटं. सूर मारायचा सोडून ती सुरुवातीच्या चौथऱ्यावरून गुडघे पोटाशी घेऊन सरळ मुटका मारायची. पंचांचे कागद भिजायचे. गॉगल लावायला तयार नव्हती. तलावातल्या औषधाचा वास आला की "दवाखान्यात पोहतो मी" म्हणायची. आमच्याकडच्या खेड्यातल्या मुली 'येतो', 'जातो', 'पोहतो' असंच बोलतात. एकदा तिने तलावाच्या रखवालदाराला गंभीरपणे विचारलं, "भाऊ, या पाण्यात कासव काहून नाई सोडत? शेवाळ खाते ते." रखवालदाराने ते वरपर्यंत कळवतो म्हणून सांगितलं.

मी शर्यतीआधी चार भिजवलेले बदाम खायचे. ती आलूबोंडा खायची. दोन. सोबत तळलेली मिरची. मी म्हणायचे, "अगं, दहा मिनिटांत शर्यत आहे."

"पाण्याले थोडीच मालूम हाय!"

हे तिचं पालुपद. समोरची मुलगी मागच्या वर्षीची विजेती आहे म्हणा, आज उपांत्य फेरी आहे म्हणा, सर रागावतील म्हणा, तिचं उत्तर ठरलेलं. एकदा मी न राहवून तिला ऐकवलं की दोन वर्षं या टीमची पहिली मी आहे. त्यावरही अगदी प्रेमाने म्हणाली, "पाण्याले थोडीच मालूम हाय, ताई." खरं होतं ते, म्हणून जास्त झोंबलं.

विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत ती हरलीच नाही. जिल्ह्यात तिने जेवढ्या शर्यती पोहल्या तेवढ्या जिंकल्या. पेपरात फोटो आला, त्यात रोशनी होती, सर होते, आणि डाव्या बाजूला माझं कोपर होतं. घरी आईने तो फोटो कापून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कोपर दाखवलं. कॉलेजात पूर्वी ज्या मुली मला 'आपली स्विमर' म्हणायच्या त्या आता 'रोशनीची ताई' म्हणायला लागल्या. मी हसून दाखवायचे. आरशात तेच हसू करून पाहिलं एकदा, तर दाढ दुखत असल्यासारखं दिसत होतं.

मग विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या, परगावी, दोन दिवसांच्या. पहिल्या दिवशी रोशनीने पन्नास आणि दोनशे मीटर जिंकलं. आमचं कॉलेज, ते चालणारे, गुणांमध्ये दुसऱ्या नंबरावर होतं. दुसऱ्या दिवशी दोनच शर्यती उरल्या होत्या. सकाळी शंभर मीटर, दुपारी रिले. रिले जिंकली तर शील्ड आमची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला उतरलो तर पाणी गढूळ. आदल्या दिवशी एवढ्या मुलींनी घुसळलेलं, तळ दिसेना. रोशनी दोनदा बुडी मारून आली. पहिल्यांदाच मी तिचा चेहरा उतरलेला पाहिला.

"ताई, पांदण हरपली. रेघ दिसूनच नाई राह्यली. आता कशी जाऊ?"

रेघ न दिसताही सरळ पोहायची एक साधी युक्ती असते. मला ती माहीत होती. एका वाक्यात सांगता आली असती.

"दिसेल शर्यतीत," मी म्हटलं आणि माझी टोपी नीट करायला लागले.

शर्यतीत व्हायचं तेच झालं. पहिल्या दोन फेऱ्या ती दोरांना घासत गेली, तरी पुढे होती. तिसऱ्या फेरीत डावीकडे वळली, दोराखालून गेली आणि शेवटी शेजारच्या पट्ट्यात पहिला हात टेकवला. पंचांनी तिला बाद केलं. पहिली आले मी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? गळ्यात सोन्याच्या रंगाचं पदक पडलं. माझी प्रत्येक स्पर्धा बघायला येणारी माझी आई बाकावर उभी राहून रडत होती. मीही रडले. साधारण पाच मिनिटं मी जगातली सगळ्यात सुखी मुलगी होते. मग मी कपडे बदलायच्या खोलीत गेले तर रोशनी तिथे बाकावर बसून आलूबोंडा खात होती. अर्धा तोडून तिने माझ्यापुढे धरला.

"चांगलं झालं ताई. तुमचं आखरीचं साल होतं न."

त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "ऐक. तू श्वास डावीकडे घेतेस ना? प्रत्येक श्वासाला दोर बघायचा. दोर हातभर लांब राहिला पाहिजे. जवळ आला तर उजवीकडे सरक. तळाकडे बघायचंच नाही."

ती चघळायची थांबली. "हे सकाळी मालूम होतं तुमाले?"

"हो."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"जळत होते तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून जळते."

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर सरांकडे जाईल. पण तिच्या तोंडावर असं हसू पसरलं की मी घाबरले.

"माह्यावर?" ती म्हणाली. "माह्यावर जळता तुमी? तुमचा रंग पाहा, बोलणं पाहा, घर हाय शहरात. माह्यापाशी जळाले हाय काय?" आणि दार उघडून तिने पूजा-सानियाला ओरडून सांगितलं, "ऐका वं! मृणालताई माह्यावर जळते! सच्ची!" एखादीने नोकरी लागल्याची बातमी द्यावी तसं.

दुपारी रिले झाली. पूजा, सानिया, मी आणि शेवटी रोशनी. मी हात टेकवला तेव्हा आम्ही दोन हात मागे होतो. वरून रोशनीचा मुटका माझ्या डोक्यावरून गेला आणि सगळे पंच भिजले. मी काठाला धरून बघत होते. प्रत्येक श्वासाला तिची मान दोराकडे वळायची, आणि दोर हातभर लांब राहायचा. अख्ख्या मोसमात ती इतकी सरळ कधीच गेली नव्हती. ती पहिली आली. शील्ड आमची झाली. आनंदाच्या भरात सर पाण्यात पडले आणि दोघांनी त्यांना बाहेर ओढून काढलं.

त्यानंतर जो तो फोनवर. पूजा आईला सांगत होती, सानिया तिच्या अब्बूंना, सर ओल्या कपड्यांत प्राचार्यांना. माझी आई मला आपल्या शेजारी बाकावर बसवून टॉवेलने माझं डोकं खसखसा पुसत होती आणि सर्दी होईल म्हणून रागावत होती. रोशनी समोर उभी होती. गळ्यात तीन पदकं आणि केसांतून पाणी गळतंय.

"घरी फोन लाव ना," मी माझा मोबाईल तिच्यापुढे केला.

"कोणाले लावू?" ती म्हणाली. "बाबाले वाटते मी कॉम्प्युटरच्या क्लासले जातो. पेपर काही आमच्या गावात येत नाई. तेरा वर्साची झाली तवाच त्याईनं सांगतलं, पोरगी मोठी झाली, आता इहिरीत उतराचं नाई. अन् आई तं बाबाच्याही पुढची. दिवाळीत बाबानं इचारलं, कॉम्प्युटर कुठलोक आला? माह्या तोंडातून निंगालं, दोनशे मीटर."

मी हसले. तीही हसली, पण थोडं उशिराने. पदकं हॉस्टेलच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवते, असं तिने सांगितलं. मोसमभर ही मुलगी जिंकत होती आणि जिंकले म्हणून सांगायला तिला घरचं एकही माणूस नव्हतं. मला तर नुसतं कोपर छापून आलं तरी ते दाखवणारी आई होती.

तिने दोन पावलं पुढे येऊन माझ्या आईकडे पाहिलं.

"काकू, तुमाले सांगू?"

आईने सगळी शर्यत पहिल्या रांगेतून पाहिली होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. पण ती म्हणाली, "सांग न वं बाई. काय झालं?"

आणि रोशनी सांगायला लागली. आपण दोन हात मागं होतो काकू, मंग मी उडी घेतली, पाणी असं गढूळ, काहीच दिसे ना, मंग ताईनं सांगतलं होतं तसा दोर पाहाले लागली. आई मध्ये मध्ये "अगं बाई!" आणि "मंग?" करत होती. शेवटी रोशनीचा आवाज एकदम बारीक झाला.

"मंग काय. मी पयली आली, काकू."

आईचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. तिने तो टॉवेल रोशनीच्या केसांवर टाकला, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "लयच घाईत सांगतलं तू. आता नीट पयल्यापासून सांग."

माझं डोकं अर्धं ओलंच राहिलं होतं. टॉवेल माझा होता, आई माझी होती, आणि मला पुन्हा जळायला झालं, सकाळपेक्षाही जास्त. तरी मी बाकावर सरकले आणि तिला आमच्या दोघींच्या मध्ये जागा करून दिली.