आप्पा हवालदारांची मुकी फटफटी

आप्पा हवालदारांना जगात सगळीकडे लीक दिसे. माझ्या खोलीत आले की आधी स्टोव्हला कान लावायचे आणि म्हणायचे, "मास्तर, पिनपाशी लीक हाय." शाळेचा निकाल कमी लागला की, "पोरांच्या डोस्क्यात लीक हाय." शेजारच्या नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा सगळी आळी समजूत घालायला धावली. आप्पांनी मात्र दारातूनच निदान केलं, "जॉइंट बराबर बसला न्हाई. खोलून परत बशिवला पायजे."

साठ सालानंतरची ती वर्षं. मी विट्याला मास्तर होतो आणि आप्पांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आप्पा पलटणीत मोटारसायकलवरून टपाल पोचवत. पेन्शनीत आल्यावर लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी मोटारसायकल त्यांनी घरी आणली. बायको आधीच वारलेली. एकुलती एक लेक सुशी, ती माण तालुक्यात दहिवडीच्या बाजूला दिलेली. म्हणजे घरात आम्ही तिघंच: आप्पा, मी आणि फटफटी. पैकी माझ्याशी ते कामापुरतं बोलत.

या फटफटीचं एक दुखणं होतं. धुराची नळी जिथे इंजिनाला मिळते, तिथून धूर निसटायचा आणि मग ती नुसती चालायची नाही, तोफा डागायची. तिच्या आवाजानं आळीतल्या म्हशी दावं तोडत. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. पण एकदा ते नातवाला बघायला गेले. पोर झोळीत गाढ झोपलेलं. दारात फाड्‌दिशी बार निघाला आणि पोरानं असं भोकाड पसरलं की दिवसभर ते आजोबांच्या वाऱ्याला उभं राहिना. विहीणबाई म्हणाल्या, "जावळाला या, पर ते फटफटं गावाबाहीर सोडून या."

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. या पोराला मामा नाही. त्याच्या जागी आप्पांनीच बसायचं होतं. आणि मांडी दिसताच पोर किंचाळलं तर?

"एस्टीनं जा की," मी म्हटलं.

"येष्टीनं? हवालदार येष्टीनं?" आप्पा कडाडले. "मास्तर, फटफटीवर जानार, दारापतूर जानार, आन् पोर जागं बी व्हनार न्हाई. फॉल इन!"

जावळ रविवारी होतं. त्या आठवड्यात आमच्या अंगणाचा कारखाना झाला. मिस्त्रीला आप्पा हात लावू देत नसत. नळी काढून त्यांनी तोंडावरची काजळी खरवडली. पहिल्या दिवशी फटीला कणीक लिंपली. फटफटी सुरू होताच आळीभर करपलेल्या पोळीचा वास सुटला आणि दोन घरांतल्या बायका आपापल्या चुलीकडे पळाल्या. दुसऱ्या दिवशी आप्पांना जुन्या किल्ल्यांची आठवण झाली. "गूळ-चुन्यावर बुरूज उभं हायती मास्तर, नळीचं काय घिऊन बसलाय!" गूळ-चुना भरून त्यांनी तो वाळायला ठेवला. सकाळी पाहतो तर इंजिनावर मुंग्यांची रांग, आणि शेजाऱ्यांची शेळी डोळे मिटून सायलेन्सर चाटते आहे. आप्पांनी तिला सॅल्यूट ठोकण्याच्या आवेशात हात उगारला. ती हलली नाही.

अखेर नामदेव धावून आला. तो गलाईवाला; सोनं गाळायच्या धंद्यात मद्रासला असे, सणाला गावी आला होता. म्हणाला, "आप्पा, आमी मुशीला लिंपतो ती माती देतो. सोनं वितळतंय, पर ती न्हाई हलत."

"शिवीलियन माती?" आप्पांनी नाक मुरडलं. तासाभरानं तेच त्याच्या दारात वाटी घेऊन उभे.

मग घंगाळाचा तांब्याचा कान कापला. तो ठोकून कडी केली. कडी लालबुंद तापवून पाण्यात टाकली, कारण "तांबं आसं मऊ पडतंय." कडी फटीत बसवली, वरून माती लिंपली आणि नळीचे दोन्ही नटबोल्ट एकाआड एक, इकडं थोडं, तिकडं थोडं आवळले. इंजिन तापवून पुन्हा आवळले. शनिवारी संध्याकाळी सगळी आळी अंगणात जमली. मी सायलेन्सरच्या शेपटाशी ओली चिंधी दाबून धरली, म्हणजे कोंडलेला धूर फट असेल तिथून फुसफुसेल. आप्पांनी किक मारली आणि जॉइंटला कान लावून ते उकिडवे बसले. कुणी श्वास घेईना.

"लीक न्हाई!" आप्पा ओरडले. "फस्क्लास! लीक न्हाई!" नामदेवानं त्यांना उचलूनच घेतलं. बायका हसत होत्या, मीही उगाचच नाचत होतो. फटफटी मांजरासारखी गुरगुरत होती आणि म्हशी शांतपणे रवंथ करत होत्या.

रविवारी पहाटे मी मागे बसलो. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला. एकही मेंढरू बुजलं नाही. आप्पा मोठमोठ्यानं गात होते. गाणं फटफटीपेक्षा मोठं होतं.

गाव दिसू लागलं, तसं त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं? लीक?"

"लीक-बीक काय न्हाई. उतरा. ढकला."

"अहो, पण आवाज तर येतच नाही!"

"न्हाई येत." ते हँडल धरून उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "सुशी झाली तवा मी पलटणीत. पैल्या रजेला आलो, तर पोर मला बघून किंचाळली, आयच्या पदरात घुसली. रजा सपली तरी जवळ आली न्हाई. आता परत न्हाई सोसायचं गड्या."

आप्पांनी मला तोवर कधी गड्या म्हटलं नव्हतं. मी मागून जोर लावला. वाट फुफाट्याची, गाडी लोखंडाची. दारात पोचेपर्यंत आम्ही घामानं निथळलो.

सुशी बाहेर आली आणि दचकलीच. "आप्पा! कवा आलासा? आवाज कसा न्हाई आला?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"जॉइंट," मी म्हणालो. "फस्क्लास बसलाय."

विहीणबाईंनी फटफटीभोवती एक फेरी मारली आणि चहा टाकला.

झोळी हलली. पोर आपणहूनच जागं झालं होतं. आप्पा उंबऱ्यात सावधान उभे राहिले. पोरानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, ओठ एकदा मुडपले, आणि मग फुफाट्यानं माखलेल्या त्यांच्या मिशीकडे हात केला. आप्पा मटकन खाली बसले. सुशीनं पोर त्यांच्या मांडीत दिलं. न्हावी यायला अजून अवकाश होता. पण आप्पा डोळे पुसायचेही विसरून तसेच मांडी घालून बसले, आणि कुणी मागितलं तरी पोराला देईनात.